विजापूरची वाट आणि कॅमेऱ्याची निवड

सोलापुरात राहणाऱ्यांना विजापूर काही परके नाही. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. सकाळी फजरची नमाज अदा करून निघाले की टाकळीजवळ भीमा ओलांडायची, महाराष्ट्र मागे टाकायचा, झळकी आणि होर्ती ही गावे घेत नाश्त्याच्या वेळेला गोल घुमट समोर उभा. आमच्या मोहल्ल्यातले निम्मे लोक शाळेच्या सहलीतून तिथे जाऊन आलेले आहेत. आणि सगळ्यांच्या घरी एकच फोटो आहे. समोर हारीने उभी असलेली माणसे आणि त्यांच्या मागे अर्धा कापलेला घुमट.

२०१२च्या डिसेंबरात आम्ही घरातले पाच जण विजापूरला गेलो ते नुसते फिरायला नव्हे. आमच्या घरी त्या वेळी एक निर्णय अडून बसला होता. भिशीचा नंबर लागला होता. तीस हजार रुपये हातात आले होते. स्वयंपाकघराचे पत्रे गळत होते, त्यांना दहा हजारांचा खर्च सांगितला होता. आणि मुलीला कॅमेरा हवा होता. बी.कॉम. झालेली ही मुलगी नात्यातल्या लग्नांमध्ये छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढत असे. आपल्याकडे मेहंदी, हळद अशा बायकांच्या कार्यक्रमात पुरुष फोटोग्राफर नको असतो, आणि बाई फोटोग्राफर सापडत नाही. तेव्हा तिचे म्हणणे असे की हे काम ती करू शकते, त्याचे पैसेही मिळतील, पण त्यासाठी डीएसएलआर लागेल. त्याची लेन्ससह नवी किंमत अठ्ठावीस-तीस हजारांच्या घरात. चांगला छोटा कॅमेरा सात-आठ हजारांत येत होता. हप्त्यांवर घेऊन व्याज भरायचे नाही, हे घरात आधीपासून ठरलेले. म्हणजे भिशीच्या पैशात कॅमेरा तरी, नाहीतर पत्रे तरी.

मामूंच्या मुलाने तोड काढली. त्याच्याकडे डीएसएलआर होता. तो म्हणाला, "दोन दिवस घेऊन जा. तुमचा छोटाही बरोबर ठेवा. एकाच ठिकाणी दोन्हींनी फोटो काढा आणि घरी येऊन ठरवा." ही कल्पना अम्मींना सगळ्यांत जास्त पटली. त्या म्हणाल्या, "दुकानदाराला विचारून काय होणार? तो तर महाग तेच विकणार."

कॅमेऱ्यांतला फरक आधी सांगतो. डीएसएलआरच्या पोटात लेन्सच्या मागे एक तिरपा आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावरून वर जातो आणि आपण डोळा लावतो त्या खिडकीत दिसतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. तो खटका ऐकू येतो तो याचाच. छोट्या कॅमेऱ्यात आरसा नसतो, मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढायचा. पण खरा फरक सेन्सरच्या आकाराचा आहे. साध्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. सर्वसाधारण डीएसएलआरचा सुमारे तेवीस बाय पंधरा मिलिमीटर. क्षेत्रफळ बारा पटींच्या घरात. आमच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर मेगापिक्सेल मात्र चौदाच लिहिलेले होते. तेवढेच ठिपके बारा पट मोठ्या जागेत बसवले तर प्रत्येक ठिपक्याला उजेड जास्त मिळतो. पाऊस तोच, पण एकाने वाटी ठेवली आणि दुसऱ्याने परात, असे समजा. भर उन्हात वाटीही भरते. अंधाऱ्या जागेत मात्र परातीचा उपयोग कळतो.

विजापूरला अंधाऱ्या जागा पुष्कळ. म्हणून परीक्षेसाठी हे गाव चांगले.

पहिला मुक्काम गोल घुमट. मोहम्मद आदिलशाह १६२७ ते १६५६ या काळात विजापूरच्या गादीवर होते. हा त्यांचा मकबरा. समोरच्या नक्कारखान्यात संग्रहालय आहे, त्याला वळसा घालून पुढे गेले की इमारत एकदम अंगावर येते. चारी कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आणि मधे बाहेरून सुमारे चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट. आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी चौकोनी दालनाचा वर वर्तुळ केला आहे आणि त्यावर घुमट टेकला आहे. मधल्या कट्ट्यावर कबरींच्या खुणा आहेत, खऱ्या कबरी खाली तळघरात. वास्तुकार म्हणून याकूत दाभोळी यांचे नाव सांगितले जाते. दाभोळ म्हणजे आपले रत्नागिरी जिल्ह्यातले, वाशिष्ठीच्या मुखावरचे बंदर. कोकणातल्या वाचकांनी विजापूरला गेल्यावर हे नाव जरूर आठवावे.

बाहेरून, सकाळच्या कोवळ्या उन्हात, दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. खरे सांगायचे तर पोस्टकार्डाएवढी छापील प्रत पुढे ठेवली तर कोणता फोटो कशाने काढला ते ओळखू येत नाही. एवढाच फरक पडला की आमच्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यात कोन जरा अरुंद, त्यामुळे चारही मनोरे बसवायला खूप मागे जावे लागले. बाजारात रुंद कोनाचे छोटे कॅमेरेही मिळतात. म्हणून हा गुण डीएसएलआरच्या खात्यात टाकता येणार नाही.

आत गेलो आणि गणित बदलले. दालनात उजेड दारांतून आणि वरच्या झरोक्यांतून येतो, तोही पुसट. छोट्या कॅमेऱ्याने आपणहून फ्लॅश मारला. फ्लॅश आठ-दहा फुटांपलीकडे पोहोचत नाही, त्यामुळे पुढच्या माणसाची पाठ पांढरी आणि मागे काळोख. फ्लॅश बंद केला तर फोटो हलला. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून तो मार्ग बंद. डीएसएलआरवर मुलीने आयएसओ १६०० केला, भिंतीला खांदा टेकवला, श्वास रोखला आणि सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात फोटो घेतला. कमानींच्या कडा, गिलाव्यावरचे डाग, घुमटाच्या कडेने फिरणारी माणसे, सगळे आले. थोडी खरखर आली, पण चित्र आले.

वरच्या सज्ज्यात जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून शंभराहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. अम्मींचे गुडघे दुखतात. त्या खाली कट्ट्याजवळ बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही बघून या. मला नंतर दाखवा." दाखवण्याची ही जबाबदारी घेऊन आम्ही चढलो. सज्जाची रुंदी सव्वातीन मीटरच्या वर. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन हळू बोलले की समोर, सदतीस-अडतीस मीटरवर, शब्द स्वच्छ ऐकू येतो. टाळी वाजवली तर ती सात वेळा परत येते असे म्हणतात. सकाळी गर्दी नसताना गेलात तर मोजताही येते. शाळेच्या सहली आल्या की नुसता कल्लोळ.

इथे मोठ्या कॅमेऱ्याची एक अडचण कळली. बटण दाबले की आरशाचा खटका होतो. तो खटका घुमटात शिरला आणि पुन्हा पुन्हा ऐकू आला. पलीकडे उभे असलेले एक कुटुंब वळून बघू लागले. छोट्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येतो, याचा करता येत नाही. दुसरे म्हणजे वजन. लेन्ससह पाऊण किलोच्या आसपास. शंभर पायऱ्यांनंतर ते पट्ट्यातून मानेला जाणवते. धाकट्याने छोट्या कॅमेऱ्यावर घुमटातल्या आवाजाचे रेकॉर्डिंगही केले आणि तो खिशात टाकून पळाला. त्याला विचारले असते तर निर्णय तिथेच झाला असता.

दुपारपूर्वी शेरझा बुरुजावर गेलो. तिथे मलिक-ए-मैदान तोफ आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला मोहम्मद बिन हसन रूमी यांनी ती ओतली. वजन पंचावन्न टनांच्या आसपास, लांबी साडेचार मीटरला थोडी कमी. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे आणि त्यात हत्ती चिरडलेला. डोक्यावर ऊन, धातू तापलेला. अशा वेळी छोटा कॅमेराच सुखाचा ठरला. जबड्यातल्या हत्तीचा अगदी जवळून फोटो घ्यायचा होता. मोठ्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारी लेन्स पाऊण फुटाहून जवळ नेली की फोकस धरत नाही. छोटा कॅमेरा चार बोटांवरून फोटो काढतो. झूमही छोट्याचाच जास्त. डीएसएलआरबरोबर येणारी १८-५५ची लेन्स फक्त तीन पट जवळ आणते, हे बऱ्याच जणांना विकत घेतल्यावर कळते. दुसरी लेन्स घ्यायची तर वेगळे पैसे.

एका गोष्टीत मात्र उन्हातही मोठा बरा. छोट्याच्या मागच्या पडद्यावर ऊन पडले की काही दिसत नाही, अंदाजाने बटण दाबायचे. डीएसएलआरला डोळा लावला की ऊन असो वा नसो, चित्र स्वच्छ. बटण दाबणे आणि फोटो निघणे यांत वेळही जात नाही. छोटे मूल हसते त्या क्षणी बटण दाबले तर हसणेच येते, नंतरचे वळलेले डोके येत नाही. मेहंदीच्या कार्यक्रमात फोटो काढणारीला ही गोष्ट फार मोलाची, असे मुलीने तिथेच सांगून टाकले.

जोहरच्या वेळेला जामा मशिदीत आलो. पहिल्या अली आदिलशाहांच्या काळातली ही मशीद. आत काळ्या रेघांनी एकेका नमाजीची जागा आखली आहे, अशा जागा सव्वादोन हजारांच्या घरात. मेहराबीवर सोनेरी आणि रंगीत काम आहे. ते १६३६ मध्ये करणाऱ्यांचे नाव तिथल्या लेखात याकूत दाभोळी असेच आहे. मशीद वापरातली आहे, देखावा नव्हे. लोक वजू करत होते, काही जण कुराण वाचत होते. आमच्या गळ्यातला मोठा कॅमेरा पाहताच दोन वयस्कर माणसांच्या कपाळावर आठी आली. त्यांची आठी आम्हाला रास्त वाटली. मोठी लेन्स आपल्याकडे वळली की माणसाला वाटते, हा पेपरवाला की कोण? आम्ही कॅमेरा पिशवीत बंद केला, नमाज अदा केली, गर्दी ओसरल्यावर तिथल्या सेवकांना विचारले. त्यांनी रिकाम्या कमानींचे फोटो घ्यायला हसून परवानगी दिली. छोटा कॅमेरा असता तर कुणाच्या लक्षातही आले नसते. पण लक्षात न येता काढावा, असा फोटो मशिदीत काढावाच कशाला? नमाजी, बायका, कबरीजवळ दुआ मागणारे, यांचे फोटो न विचारता घ्यायचे नाहीत. हा नियम कोणत्याही कॅमेऱ्याला लागू आहे. मोठा कॅमेरा तो मोडू देत नाही, एवढेच.

असरच्या सुमाराला इब्राहिम रौजा. गावाच्या पश्चिमेला, एका बागेत, एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मधे हौद. दुसरे इब्राहिम आदिलशाह आणि त्यांची बेगम ताज सुलताना यांचा हा मकबरा, १६२६-२७च्या सुमारास पुरा झाला. काम मलिक संदल यांच्या देखरेखीखाली झाले. गोल घुमटापुढे माणूस लहान होतो. इथे मात्र जवळ जावेसे वाटते. भिंतींवर, छतावर, दारांभोवती कोरीव अक्षरे आणि वेलबुट्टी. खिडक्यांना जाळ्या आहेत, त्या साध्या नक्षीच्या नाहीत. जाळीच अरबी अक्षरांची. अक्षरे दगडाची आणि त्यांच्यामधली जागा आरपार कापलेली. ओळीच्या फटींतून उजेड आत येतो.

अम्मींनी मोहल्ल्यातल्या मुलांना तीस-बत्तीस वर्षे कुराण वाचायला शिकवले आहे. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. एकाचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे बाकी. त्या जाळीसमोर उभ्या राहिल्या. अक्षरे आहेत एवढे त्यांना कळत होते, पण मागून उजेड आणि पुढे अंधार, डोळ्यांपुढे नुसता झगमगाट. "काय लिहिले आहे ते दिसत नाही," त्या म्हणाल्या. वेळ संध्याकाळची, दरवाजे बंद व्हायला फार अवकाश नव्हता.

मुलीने दोन्ही कॅमेरे काढले. छोट्याने आपल्या मनाने उजेड मोजला. खिडकी पांढरीफटक आली आणि पांढऱ्याने अक्षरांच्या कडा खाऊन टाकल्या. उजेड कमी करण्याचे बटण त्यातही असते. ते वापरल्यावर जरा सुधारणा झाली, पण मोठे करून पाहिले तर कडांना दाणे दाणे. डीएसएलआरवर तिने उजेडाचे मोजमाप फक्त जाळीच्या मध्यावर धरले, पडद्याचा वेग वाढवला आणि रॉ या प्रकारात फोटो साठवला. या प्रकारात सेन्सरने टिपलेले सगळे जसेच्या तसे राहते, नंतर कॉम्प्युटरवर गडद भाग उजळता येतो आणि उजळ भाग आवरता येतो. फाइल मोठी होते, मेमरी कार्ड लवकर भरते, शिवाय घरी बसून काम करावे लागते. नुसते बटण दाबून मोकळे होणाऱ्याला याचा काही उपयोग नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या जाळीचा फोटो बारा बाय अठरा इंचांचा छापून आणला. दोन्ही कॅमेऱ्यांचा, एकाच आकारात, मागे काही न लिहिता. अम्मी खिडकीशी बसल्या, एक प्रत बाजूला ठेवली आणि दुसरीवर बोट ठेवून अक्षरे लावू लागल्या. ती लिपी एकात एक गुंतवलेली, सरळ वाचता येणारी नव्हे. अलिफ, लाम, पुढे एक मीम. अर्धा तास गेला. काही शब्द लागले, काही लागले नाहीत. एक शब्द ओळखल्यावर त्यांनी तो मोठ्याने म्हटला आणि धाकट्याला जवळ बोलावून दाखवला. जी प्रत त्यांनी बाजूला ठेवली होती ती छोट्या कॅमेऱ्याची होती. आम्ही तेव्हा काही बोललो नाही. पण मुलीने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही तिच्याकडे.

तरी पत्र्यांचा प्रश्न होताच. पावसाळा सहा महिन्यांवर. तेव्हा मामूंच्या मुलाला विचारले. तो वरच्या श्रेणीचा कॅमेरा घेण्याच्या विचारात होता. त्याने वापरलेला कॅमेरा, लेन्स आणि बॅटरी मिळून अठरा हजारांना आम्हाला दिला. दहा हजार पत्र्यांना गेले. उरलेल्या दोन हजारांत पिशवी आणि दोन मेमरी कार्डे आली. नवा घेतला असता तर वॉरंटी मिळाली असती, हे खरे. पण घरच्या माणसाने वापरलेला कॅमेरा होता, किती वापरला हे माहीत होते. आणि पत्रे पावसाआधी झाले.

वाचकांपैकी कुणाच्या घरी हाच प्रश्न असेल तर आमचे सांगणे एवढेच. सहलीला, घरातल्या मुलाबाळांना, भर उजेडात फोटो काढायचे असतील तर छोटा कॅमेरा पुरे आहे. तो जवळ राहतो, आणि जवळ असलेलाच कॅमेरा कामाला येतो. मोठा कॅमेरा घेऊन ऑटोवरच ठेवायचा असेल तर पैसे वाया. लोकांनी पाहावे म्हणून गळ्यात अडकवायचा असेल तर त्याहून वाया. पण अंधाऱ्या दालनात, लग्नाच्या मांडवात, दिव्याच्या उजेडात काम करायचे असेल, त्यातून चार पैसे मिळवायचे असतील, आणि शिकायला दोन-तीन महिने देण्याची तयारी असेल, तर डीएसएलआरचा खरा उपयोग होतो. किंमत बघताना नुसता कॅमेरा धरू नका. पिशवी, कार्ड, जादा बॅटरी आणि पुढेमागे लागणारी एखादी लेन्स मिळून हिशेब करा. घेण्यापूर्वी कुणाचा तरी दोन दिवस मागून आणा आणि जिथे तुम्हाला खरोखर फोटो काढायचे आहेत तिथे घेऊन जा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच कॅमेरे चांगले दिसतात.

विजापूरला जाल तर गोल घुमट सकाळी उघडताच गाठा, इब्राहिम रौजा दुपार कलल्यावर. बरोबर कडक भाकरी आणि शेंगा चटणी असू द्या. रौजाच्या जाळ्यांपाशी घाई करू नका. घरी कुणी अक्षरे जाणणारे वडीलधारे असेल आणि प्रवास त्यांना झेपत नसेल, तर एका जाळीचा फोटो नीट, सरळ समोरून, पूर्ण ओळ येईल असा काढून आणा आणि मोठा छापून त्यांच्या हातात द्या. आमच्या अम्मींची ओळ अजून पुरी लागलेली नाही. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर बघू, असे त्या म्हणतात.